समाजशास्त्र : नुसता ‘स्कोअरिंग’ विषय?

इंजिनिअरिंगला समाजशास्त्र ऐच्छिक म्हणून घेतलं की सीनियर्सचा सल्ला ठरलेला : “आदल्या रात्री झेरॉक्स वाच, निघून जाईल.” निघतोही. पण युनिव्हर्सिटीत हा विषय मनापासून शिकणाऱ्यांचं काम आपल्या लॅबपेक्षा सोपं नसतं.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडेस. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये डॉ. गो. स. घुर्ये आले. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. घुर्यांनी १९३२ च्या पुस्तकात जातिव्यवस्थेची सहा वैशिष्ट्ये सांगितली. आपल्याला परीक्षेत हीच येतात आणि आपण ती ओहमच्या नियमासारखी पाठ करतो. त्यातलं एक म्हणजे खानपान आणि सामाजिक व्यवहारावरचे निर्बंध.

पाठ न करता हे कसं शिकायचं, ते श्रीनिवासांकडून कळतं. १९४८ साली ते म्हैसूर भागातल्या एका खेड्यात जाऊन राहिले. शेती, भांडणं, कोण कोणाच्या हातचं खातो, सगळं टिपत गेले. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्या नोंदींवर केलेलं वर्षांचं काम जळालं. मग त्यांनी बरंचसं आठवणीवरून ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ लिहिलं, ते १९७६ ला आलं. (पेन ड्राइव्ह करप्ट झाला म्हणून सबमिशन चुकवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

आपलं खेडं म्हणजे आपली मेस. मी आठ दिवस नुसतं बघितलं. सोमवार ते शनिवार टेबलं ब्रँचप्रमाणे भरतात, रविवारी गावाप्रमाणे. हे गमतीचं झालं. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात विचारतात, “सीईटीचा रँक किती?” त्यात गणिताची चौकशी नसते, हे विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक असतं. उत्तरानंतर काहींच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. एक जण दरवेळी “आठवत नाही” म्हणतो. स्वतःचा रँक विसरलेला दुसरा मुलगा मला अख्ख्या हॉस्टेलमध्ये भेटलेला नाही.

तेव्हा घुर्यांच्या प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्या कॉरिडॉरमधली एकेक नोंद लिहून बघा. आधी नोंद, मत नंतर. कोणाचं नाव मात्र वहीत येऊ देऊ नका. श्रीनिवासांनीसुद्धा पुस्तकात गावाचं नाव बदलून ‘रामपुरा’ केलं होतं.