पद्मिनी आणि मारुती ८०० : तुलना कशी करावी?



दोन वस्तूंची तुलना करताना आपण लगेच "कोणती चांगली?" असे विचारतो. त्याआधी "कशासाठी?" हे विचारले पाहिजे. आज दोन जुन्या मोटारींवरून हे समजून घेऊ.

पहिली, प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११००-डी ही गाडी तयार होई. तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

दुसरी, मारुती ८००. जपानच्या सुझुकीच्या सहकार्याने ती १४ डिसेंबर १९८३ रोजी आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आता गणित करू. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसी, सिलिंडर ४. भागाकार केला तर एका सिलिंडरला सुमारे २७२ सीसी. मारुतीचे ७९६ सीसी, सिलिंडर ३. म्हणजे सुमारे २६५. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! मग फरक कुठे? वजनात. पद्मिनी सुमारे ९०० किलो, मारुती सुमारे ६५० किलो. पद्मिनीत इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, म्हणून मधून लांब लोखंडी दांडा जातो. मारुतीत इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली. दांडा वाचला, वजन घटले, पेट्रोल वाचले.

पण निर्मळजवळच्या महबूब घाटाचा विचार करा. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. मागची चाके ओढणारी असली तर त्यांची पकड वाढते, पुढची असली तर कमी होते. म्हणजे प्रत्येक सोयीची काही किंमत असते.

एका गोष्टीत मात्र दोन्ही गाड्या आजच्या मानाने उण्या ठरतात. अपघातात जीव वाचवणारी एअरबॅग दोघींतही नव्हती. म्हणून पालकांना विनंती, जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घ्याल तेव्हा रंग आणि किंमत यांआधी ब्रेक, टायर आणि सीटबेल्ट पाहा. मारुती ८०० मध्ये आठ-दहा मुले बसवून शाळेत पाठवणे ही काटकसर नव्हे. लहान गाडी तेवढ्या भारासाठी बनवलेलीच नाही.

गृहपाठ : घरातील एक जुनी व एक नवी वस्तू निवडा. आधी तुलनेचे चार मुद्दे लिहा, मगच वस्तू पाहा. मुद्दे आधी ठरले की आपल्या आवडीनुसार निकाल फिरवता येत नाही. वही पुढील सोमवारी वर्गशिक्षकांना दाखवावी.

— मुख्याध्यापक