ज्वारीवरील पाखरांचे मिश्र थवे

रब्बी ज्वारीचे कणीस चिकात येताच शेतावर उतरणारा थवा दुरून एकाच जातीचा भासतो. वस्तुतः त्यात चिमण्या, सुगरणी, मनोल्या आणि हिवाळ्यात पश्चिम व मध्य आशियातून येणारे भारीट अशी निरनिराळी पाखरे असतात. मनोली सर्वांत लहान. बांधावरील गवताचे बी हे तिचे नित्याचे खाद्य. पोपटाची तऱ्हा निराळी. तो खातो त्याहून अधिक नासतो.

अंगणात मूठभर दाणे टाकले तर याच पाखरांत भांडणे जुंपतात. शेतात दाणा सर्वत्र विखुरलेला असल्यामुळे भांडणास कारण उरत नाही. उलट एकत्र राहण्यात प्रत्येकाचा लाभ असतो. अनेक डोळे ससाण्यावर पहारा ठेवीत असल्याने एकेकास निर्धास्तपणे अधिक वेळ खाता येते. एक उडाले की सारा थवा उडतो व शेजारच्या शेतात उतरतो. म्हणूनच एकट्याने गोफण फिरविणे म्हणजे आपले नुकसान शेजाऱ्याकडे ढकलणे होय! सकाळी लवकर व सूर्यास्तापूर्वी, जेव्हा पाखरे अधिक खातात, तेव्हा लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी राखण करावी. शिवारात आगाप वा मागास राहिलेल्या तुकड्यावर सर्व थवा तुटून पडतो; यास्तव पेरणीही शक्यतो एकाच सुमारास व्हावी.

विष मात्र घालू नये. चिमणी व सुगरण आपल्या पिलांना किडे भरवितात. बुजगावण्याची जागा वरचेवर बदलावी. एकाच जागी राहिल्यास पाखरे त्यास लवकरच सरावतात.