‘सगळा गोंधळ चाललाय’ म्हणजे नेमकं काय चाललंय?

व्हिडिओत या विषयाला जेमतेम दोन मिनिटं मिळाली होती, इथे निवांत बोलूया.

नवीन धंदा सुरू केलेल्या कुणालाही ‘कसं चाललंय?’ विचारा. ‘ऑर्डर आहेत हो, पण सगळा गोंधळ चाललाय,’ हे उत्तर ठरलेलं. त्यावरचा उपायही ठरलेला. एक माणूस वाढवू, मोठी जागा बघू, कुठलंतरी सॉफ्टवेअर घेऊ. म्हणजे दुखणं माहीत नाही, पण औषधाचा खर्च सुरू! आपल्या मराठीत अव्यवस्थेला डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळ्या दुखण्याकडे आहे. नेमका शब्द सापडला की कुठे पैसे घालायचे नाहीत, ते आधी कळतं.

(खरा गोंधळ उगाच बदनाम झालाय, बरं का. देवीचा गोंधळ घालतात तेव्हा संबळ कुणी वाजवायचं, तुणतुणं कुणाच्या हातात, कथा कोण सांगणार, सगळं ठरलेलं असतं. आपल्या दुकानात तेवढी शिस्त आली तरी पुष्कळ.)

उदाहरण एकच धरू. समजा, तुम्ही घरून दिवाळीचा फराळ विकता. दसरा झाला की ऑर्डर सुरू होतात.

ओट्यावर भाजणीचा डबा, त्यावर लेबलांचा गठ्ठा, पाकिटांखाली वजनकाटा, आणि सोऱ्या शोधण्यात दहा मिनिटं गेली. हा पसारा. पसारा म्हणजे वस्तूंची अव्यवस्था. तो डोळ्यांना दिसतो, पाहुण्यांसमोर लाज वाटते, म्हणून आपण आधी त्याच्याच मागे लागतो. जपानी कारखान्यांतल्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीच्या पहिल्या तीन पायऱ्या बघा. सेइरी म्हणजे नको ते काढणं, सेइतोन म्हणजे उरलेल्याला जागा नेमणं, आणि मग सेइसो, म्हणजे साफसफाई. आपण नेमकं उलटं करतो. आधी झाडतो, मग नवे डबे विकत आणतो, आणि नको असलेलं सगळं त्या नव्या डब्यांत भरतो. पसाऱ्याला एक रविवार पुरतो. कर्ज लागत नाही.

घोळ मात्र वेगळा. घोळ आकड्यांचा आणि माहितीचा असतो. काही ऑर्डर व्हॉट्सॲपवर, काही फोनवर, दोन तर जिन्यात उभ्याउभ्या तोंडी सांगितलेल्या. अर्धा किलो चकली मागितली होती, एक किलो गेली. गिऱ्हाइकाने पैसे तुमच्या घरच्या खात्यात पाठवले, त्याच खात्यातून मुलाच्या क्लासची फी गेली. ओटा चकाचक असतानाही घोळ असू शकतो, म्हणून तो जास्त महाग पडतो. हिशेब करून बघा. 600 रुपयांच्या 40 ऑर्डर म्हणजे 24,000 रुपये. त्यात 20 टक्के नफा धरला तर 4,800. पाच जणांकडून पैसे मागायचेच राहून गेले, तर 3,000 गेले. एवढी तळणी करून हातात 1,800!

इथे मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे झाकणावरच्या अंक-अक्षरांच्या आणि रंगाच्या खुणांवरून कळतं. डबा या हातातून त्या हातात जातो, पण माहिती डब्याबरोबरच फिरते. तुमच्या प्रत्येक पिशवीवरही तसंच हवं. ऑर्डर नंबर, नाव, काय-किती, पैसे आले की बाकी. ऑर्डर कुठूनही येऊ दे, ती एकाच वहीत उतरल्याशिवाय कढई चढवायची नाही. आणि धंद्याचं बँक खातं वेगळं. यावर मी वाद घालणार नाही, वेगळंच.

आता ढिसाळ आणि भोंगळ. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण माझ्या मते धंद्यात त्यांत फरक करायलाच हवा. ढिसाळ कारभारात काम ठरलेलं असतं, पण सैल दोरीसारखं सुटत जातं. शनिवारी देते म्हटलं, सोमवार उजाडला. भोंगळ कारभारात मुळात काही ठरलेलंच नसतं. मदतीला येणाऱ्या मावशींना तुम्ही म्हणता, ‘पाकिटं नीट बंद करा हं.’ नीट म्हणजे काय? ‘मावशी, 250 ग्रॅम माल, काट्यावर रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करून. सील मारलं की पाकीट उलटं धरून दाबून बघा,’ असं सांगितलंत तर ते ठरलं. एवढं सांगूनही झालं नाही, तर ढिसाळपणा. तो विचारायचा हक्क तुम्हाला आहे. सांगितलंच नसेल, तर मावशींवर ओरडू नका.

नवऱ्याला वाटतं बायकोने तेल मागवलं, बायकोला वाटतं नवऱ्याने. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! हा सावळागोंधळ. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा, दोन नाही.

अनागोंदी हा शब्द मला फार आवडतो. त्याचा धागा तुंगभद्रेकाठच्या आनेगुंदीशी जोडतात. 1565 च्या लढाईनंतर विजयनगरचं वैभव गेलं, पण तिथल्या राजांचा कागदोपत्री थाट पूर्वीचाच राहिला, अशी या शब्दाची गोष्ट सांगतात. खरी-खोटी कशीही असो, तुमची उधारीची वही तिच्याशी ताडून बघा. दोन वर्षांपूर्वीची येणी अजून ‘येणार’ म्हणून मोजताय का?

आणि 14 पदार्थ, चार प्रकारचे चिवडे, त्यात यंदा चॉकलेट करंजी? एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्यांची मागणी शेवटी आहे ते तीन पदार्थ यंदा बंद ठेवून बघा.

आता गृहपाठ. गेल्या महिन्यात ज्या दहा गोष्टींनी तुमचं डोकं फिरवलं, त्या कागदावर लिहा. प्रत्येकीपुढे वरचा एक शब्द लिहा. ‘गोंधळ’ लिहायला बंदी! जो शब्द सगळ्यांत जास्त वेळा येईल, त्याचं काम या आठवड्यात करा. नवीन माणूस, नवीन जागा, नवीन मशीन, यांतलं काहीही तोवर घ्यायचं नाही.