आधी पूल, मग लायसन्स

चि. मैथिलीस,


तुमच्या ऑफिसने जुन्या पुलांच्या तपासणीचं काम घेतलं आणि सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडली, हे ताईकडून कळलंच होतं. मिडास, स्टॅड, सीएसआय ब्रिज यांचा तू पाठवलेला तक्ताही पाहिला. सध्या तो बाजूला ठेव. कामात आलेल्या पुलांची यादी घे आणि प्रत्येकासमोर लिही: हा पडलाच, तर कसा पडेल?

महाडचा सावित्रीवरचा पूल आठव. ब्रिटिशकालीन, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्याही गेल्या. अशा पुलावर कोडमधलं ७० आरचं जड वाहन फिरवून मोमेंट काढत बसलीस तर पानं भरतील, पण नदीचं काय? पूर किती येतो, पाण्याला वेग किती, पिअरभोवतीचा तळ कुठवर खरवडला जाईल, हे आधी. त्यासाठी हेक-रास पुरतं. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं आहे, फुकट मिळतं. मात्र नदीचे आडवे छेद आपल्यालाच मोजून द्यावे लागतात, आणि वाळूउपशाने पात्र खाली गेलं असेल तर जुन्या फायलीतले छेद उपयोगाचे नाहीत. लेसीच्या सूत्राने येणारी खरवडीची खोलीही शेजारी मांडून ठेव. खुद्द कमानीसाठी बीमचं मॉडेल नको. तिथे दगड दाबावर उभे असतात, ताण घ्यायला काही नसतं. रिंगसारखं दगडी कमानीसाठीच केलेलं सॉफ्टवेअर त्या पद्धतीने विचार करतं.

आरसीसी टी-गर्डरच्या साध्या गाळ्यांना ग्रिलेज मॉडेल पुरे. ते स्टॅडमध्येही होतं. प्रीस्ट्रेस्ड, टप्प्याटप्प्याने बांधलेला, क्रीप-श्रिंकेजचा हिशेब मागणारा पूल असेल, तरच मिडाससारख्याचे पैसे मोजा.

आता अमेरिकेतल्या मिनियापोलिसची गोष्ट. मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू हा स्टीलचा ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, १३ माणसं गेली. सांध्यांवरच्या काही गसेट प्लेट मूळ डिझाइनमध्येच अर्ध्या इंचाच्या होत्या. हव्या होत्या साधारण दुप्पट जाड. पुढे डेकचं वजन वाढलं, आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामानही पुलावर रचलेलं होतं. पुलाची भारक्षमता त्याआधी काढलेली होती, पण त्या हिशेबात मेंबर होते, गसेट प्लेट नव्हत्या. म्हणून विक्रेत्याला विचार की तुमचं सॉफ्टवेअर काय तपासत नाही. तो अडखळला तर मॅन्युअल उघडून तूच शोध. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

साइटवर मात्र तूच जा, कनिष्ठांना पाठवून मोकळी होऊ नकोस. अबटमेंटच्या टोपीवर चढून रॉकर बेअरिंग बघ. माती साचलेली, गंजाचे पापुद्रे सुटलेले, रॉकर एका बाजूला कललेला. उन्हाळा-हिवाळा तो जागचा हलत नाही. मॉडेलमध्ये मात्र आपण तिथे खुशाल रोलर टाकतो. अडकलेल्या बेअरिंगमुळे पिअरच्या माथ्यावर जो आडवा जोर येतो, तो त्या मॉडेलमध्ये कुठून दिसणार? तीच गत सळ्यांची. ड्रॉइंगमधला व्यास टाकू नकोस, कव्हर फोडून उरलेला मोज. सॉफ्टवेअरमध्ये एकाच गर्डरच्या एखाद्याच भागाचा छेद कमी करता येतो का, हे डेमोतच करून घे.

डेमोत लाल-पिवळे पट्टे दाखवतील. ते सगळेच दाखवतात. तू १० मीटरचा साधा गाळा दे, मीटरला २० किलोन्यूटन भार. मध्ये मोमेंट २५० किलोन्यूटन-मीटर आणि दोन्ही टेकूंवर १००-१०० किलोन्यूटन यायला हवेत. मग तुमच्याच यादीतला एखादा तिरकस पूल दे. आयआरसी ६ मधली वाहनं बदललेल्या आवृत्तीप्रमाणे आहेत का, आयआरसी एसपी ३७ प्रमाणे क्षमता काढताना मधले आकडे बघता येतात का, की फक्त ‘पास’ छापून येतं? मधले आकडे लपवणारं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. अहवालावर सही तुमची असते.

साहेब वर्षाच्या लायसन्सची घाई करतील. एक महिन्याची चाचणी प्रत मागा, बहुतेक देतात. तुमच्या यादीत कमानी आणि साधे गाळेच जास्त असतील, तर महागडं पॅकेज लागणारही नाही. यादी मला पाठव, आणि डेमोची तारीख ठरली की कळव. मी येतो, मागच्या खुर्चीवर बसेन.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा