अनिश्चित शेअरबाजार आणि व्यापाऱ्याची घरची शिल्लक

व्यापारी मनुष्य जोखमीस नवखा नसतो. हंगामापूर्वी माल भरणे, गिऱ्हाइकाची पत पाहून उधारी देणे, भावाचा अंदाज बांधून सौदा करणे ही त्याची नित्याचीच कामे होत. परंतु पेढीच्या भांडवलाविषयी जी दक्षता तो बाळगतो, ती घरच्या शिलकेविषयी बाळगतोच असे नाही. ही शिलकी रक्कम शेअरबाजारात घालण्याचा प्रघात आता घरोघरी पोहोचला आहे. बाजार उद्या चढेल की उतरेल हे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. ते निश्चितपणे कोणासही सांगता येत नाही. तो उतरला तरी घर आणि पेढी या दोहोंस धक्का लागू नये म्हणून आधी कोणती तजवीज करावी, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

या बाबतीत मुंबईचा इतिहास बोलका आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. साहजिकच हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले व मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांचे वायदे जोरात होऊ लागले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, कापूस घसरला आणि १ जुलै १८६५ हा वायदे फेडण्याचा दिवस अनेक पेढ्यांचा अखेरचा दिवस ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. त्या काळचे सर्वांत मोठे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांनाही या पडझडीची जबर झळ लागली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, कापसाच्या व्यापारात मिळविलेला खरा नफा लोकांनी वायद्याच्या सट्ट्यात घातला. आणि कापूस व शेअर दोन्ही एकदमच कोसळले.

अलीकडचे दाखलेही हेच सांगतात. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ची पातळी गाठणारा मुंबईचा निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली बंद झाला. पुढे २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो १३ टक्क्यांहून अधिक घसरला आणि त्याच आठवड्यात टाळेबंदीमुळे देशभरची बहुतेक दुकाने बंद झाली. म्हणजे शेअर विकावे तर भाव नाही आणि गल्ल्यात आवक नाही, असा दुहेरी प्रसंग व्यापाऱ्यावर आला. त्या वर्षीची घसरण नोव्हेंबरपर्यंत भरून निघाली हे खरे. परंतु नेहमी तसेच होते असे मानू नये. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस जेथे पोहोचला होता, तेथे परत येण्यास त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. चौतीस वर्षे थांबण्यास कोणत्या संसाराला सवड असते?

यास्तव पहिली तजवीज म्हणजे पैशाची काळानुसार विभागणी. घरचा एक वर्षाचा खर्च आणि पेढीचे काही महिन्यांचे भाडे व पगार एवढी रक्कम बँकेत हाताशी असावी. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, मग तो मुलीच्या शिक्षणाचा असो वा दुकानाच्या विस्ताराचा, शेअरांत घालू नये. ठेवीही एकाच बँकेत साठवू नयेत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. पण ती एका बँकेतील एका ठेवीदाराची मुद्दल व व्याज मिळून आहे, याचे विस्मरण होऊ नये.

दुसरी गोष्ट कर्जाची. स्वतःचे ५ लाख व उसने ५ लाख घालून घेतलेले शेअर ४० टक्क्यांनी उतरले, तर त्यांची किंमत ६ लाख राहते. त्यातून ५ लाखांचे देणे वजा जाता हाती उरतो १ लाख, शिवाय व्याज वेगळेच. बाजार उतरला चाळीस टक्के. पदरचे भांडवल मात्र ऐंशी टक्के गेले. माल भरण्यासाठी काढलेले कर्ज माल विकून फेडता येते. शेअरांसाठी काढलेल्या कर्जाची मुदत बाजाराला ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. समजा, १० लाखांपैकी ६ लाख शेअरांत व ४ लाख ठेवींत ठेवण्याचे ठरले. शेअर ४० टक्के उतरून ३ लाख ६० हजारांचे झाले, तर एकूण ७ लाख ६० हजार उरतात. ठरलेले प्रमाण राखण्यासाठी ठेवींतून ९६ हजार काढून शेअर घ्यावे लागतील. उलट, शेअर ५० टक्के चढून ९ लाखांचे झाले, तर १ लाख २० हजारांचे विकून ठेवींत टाकावे लागतील. वर्षातून एकदा, हिशेबाचे वर्ष संपताना, करपात्रतेचा विचार करून हे काम करावे. त्यामुळे स्वस्त असता घेणे व महाग असता विकणे हे मनाच्या लहरीवर न राहता नियमाने घडते.

चौथी गोष्ट अशी की, ज्या धंद्यावर आपले पोट आहे त्याच धंद्याचे शेअर फार घेऊ नयेत. कापडाच्या व्यापाऱ्यास गिरण्यांची माहिती अधिक असते, हे खरे. परंतु कापडास मंदी आली तर त्याची आवक व शिल्लक दोन्ही एकदमच आटतील. निवडक कंपन्या पारखण्यास वेळ नसल्यास, अल्प खर्चाच्या निर्देशांक फंडात दरमहा ठराविक रक्कम घालणे अधिक सोयीचे.

शेवटची तजवीज सर्वांत सोपी, म्हणूनच बहुधा राहून जाते. कोणती रक्कम कोठे व कशासाठी ठेवली आहे, प्रमाण काय ठरले आहे, हे एका वहीत लिहून ठेवावे. प्रत्येक खात्यास वारस नोंदवावा आणि ती वही घरातील जबाबदार मंडळींना दाखवावी. कर्ता पुरुष आजारी पडला किंवा अकस्मात गेला, तर घरच्यांना उसन्या सल्ल्यावर घाईने विक्री करावी लागू नये.

बाजाराची तेजीमंदी आपल्या हाती नाही. हाताशी किती रोकड ठेवावी, किती कर्ज टाळावे आणि किती लोभ आवरावा, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ही तजवीज मंदी आल्यावर करता येत नाही. ती बाजार शांत असताना, सवडीने, आजच करावयाची असते.