पगार सोडण्यापूर्वी

गतवर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका विद्यार्थ्याने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "सर, नोकरी सोडू का?" हिंजवडीतील एका संगणक कंपनीत तो सहा वर्षे काम करीत होता आणि आता त्यास प्रशासकीय सेवेत जावयाचे होते. जवळच उभी असलेली त्याची आई काही बोलली नाही. त्या मौनाचा अर्थ आपल्या समाजातील पालकांस वेगळा सांगावयास नको. पहिल्या पिढीतील कमावत्या मुलाचा पगार त्याचा एकट्याचा नसतो. त्यात धाकट्या बहिणीचे शिक्षण असते, गावाकडचे अर्धवट घर असते, वडिलांचे औषधपाणी असते. म्हणून अशा निर्णयाचे नुसते कौतुक करून थांबणे आम्हांस बरे वाटत नाही.

प्रथम हिशेब पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार आयएएस अधिकाऱ्याचे, तसेच राज्यसेवेतील उपजिल्हाधिकाऱ्याचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता मिळतो; तरीही अनुभवी अभियंत्यास घट जाणवणारच. मात्र खरा खर्च निवडीपूर्वीच्या वर्षांचा असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा पूर्व, मुख्य व मुलाखत अशा तीन टप्प्यांत जवळजवळ वर्षभर चालते. अनुसूचित जातीच्या उमेदवारास वयाच्या ३७ वर्षांपर्यंत ती कितीही वेळा देता येते. ही सवलत हक्काची आहे; पण तिच्याच भरवशावर पुण्यातील भाड्याच्या खोल्यांत उमेदीची वर्षे घालविणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. निदान पूर्व परीक्षेत यश मिळेपर्यंत राजीनामा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न, जावयाचे कशासाठी? मानासाठी म्हणावे, तर १९१७ सालचे बडोदे आठवावे. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब संस्थानच्या सेवेत रुजू झाले. एवढ्या शिक्षणानंतरही त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई कागद दुरून त्यांच्या टेबलावर फेकीत. पारशी विश्रामगृहातून त्यांस बाहेर पडावे लागले. पुढे १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयीची निराशा त्यांनी उघड बोलून दाखविली. तो रोख पदावर बसून समाजाला विसरणाऱ्यांकडे होता. खुर्ची मिळाली म्हणजे सेवा घडली, असे मानणाऱ्यांनी हे भाषण टाळूनच चालावे लागते!

मग खुर्चीत काय असते? एक उदाहरण घेऊ. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याखालील नियम १९९५ चे. या नियमांनुसार जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, आणि समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. पीडितास अर्थसाहाय्य मिळाले काय, पुनर्वसन झाले काय, खटला कोठे अडला, हे तेथे विचारावयाचे असते. बैठक वेळेवर बोलाविणारा आणि मागच्या वेळचे प्रश्न पुन्हा काढणारा अधिकारी असला, तर तोच कायदा तालुक्यातल्या वस्तीपर्यंत पोहोचतो. नसला, तर तो कागदावरच राहतो. आमच्याच एका विद्यार्थिनीचे जात पडताळणी प्रमाणपत्र एका कार्यालयात अडकल्यामुळे तिचा प्रवेश हुकता हुकता राहिला. एका अधिकाऱ्याने सुटीच्या दिवशी फाइल काढून ते मार्गी लावले. त्या दिवसाचा त्यांना वेगळा पगार मिळाला नसावा.

मेळाव्यानंतर महिनाभराने त्या विद्यार्थ्याचा फोन आला. घरात बसून बोलणे झाले होते, आणि या वेळी आईही बोलली होती. बहिणीचे शेवटचे वर्ष संपेपर्यंत नोकरी सोडावयाची नाही, असे तिने ठरविले. तो आता पहाटे चारला उठून अभ्यास करतो; येत्या पूर्व परीक्षेला बसणार आहे.