दर्यातील तेल

मुलांनो, उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र. मुंबईच्या पश्चिमेला या दर्यात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, आपल्या देशाचे एक मोठे तेलक्षेत्र आहे. त्याला 'बॉम्बे हाय' किंवा 'मुंबई हाय' म्हणतात.

'हाय' म्हणजे उंच. पण तेथे पाण्याबाहेर डोंगर दिसत नाही. समुद्राच्या तळाखालचे खडक उंचवट्यासारखे वर आले आहेत, म्हणून हे नाव पडले. या खडकांत तेलाचा तलाव असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. स्पंजात पाणी राहते, तसे चुनखडकाच्या बारीक छिद्रांत तेल साठलेले असते. वर दुसऱ्या घट्ट खडकाचे झाकण असल्यामुळे ते निसटून जात नाही.

१९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले. आपण तर परदेशी तेलावर अवलंबून होतो. अशा वेळी, १९७४ साली, जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट'ने येथे विहीर खोदली आणि तेल लागले! हे खोदकामाचे जहाज आपले लांब पाय समुद्राच्या तळावर रोवून उभे राही. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. आधी तेल जहाजांतून येई. पुढे तळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले.

तेल काढणारी माणसे भर समुद्रात लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या प्लॅटफॉर्मवर राहतात. त्यांचे जीवन किती धोक्याचे असते, ते २७ जुलै २००५ रोजी दिसले. आदल्याच दिवशी मुंबईत महापूर आला होता. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ नेले. जखमी माणसाला क्रेनने टोपलीत बसवून वर घेतले. मग उसळत्या लाटांत जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले. तळाकडून वर येणारा नळ फुटला. त्यातून वायू सुटला आणि आगीचा भडका उडाला. सुमारे दोन तासांत सारा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. बावीस माणसे दगावली. साडेतीनशेहून अधिक जणांना नौदलाच्या व इतर जहाजांनी वाचवले. पेटलेले 'समुद्र सुरक्षा' काही दिवसांनी बुडाले.